बर्कशायरच्या डोंगरातली कलेची पंगत

२०२५ च्या जुलैतला एक रविवार. पहाटे साडेपाचला फोन वाजला आणि आमच्या छातीत धस्स झाले. चाळीत वाढलेल्या माणसाला अवेळी आलेला फोन म्हणजे कुणाचे तरी बरेवाईट, एवढेच ठाऊक. पण फोन होता अमेरिकेहून, आमच्या मावसबहिणीच्या मुलीचा. ही पोरगी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी नर्सची नोकरी करते. "मामा, घाबरू नका, बघा मी कुठे आहे ते," असे म्हणून तिने फोन चहूकडे फिरवला. तिच्याकडे शनिवारची संध्याकाळ होती, आठ वाजत आले तरी उजेड होता. डोंगरउतारावर भलीमोठी हिरवळ आणि तिच्यावर हजारो माणसे चादरी पसरून बसलेली. कुणी डबे उघडले होते, कुणी पोराला मांडीवर झोपवले होते. एका म्हाताऱ्या जोडप्याने तर घडीचे टेबल मांडून त्यावर मेणबत्त्या लावल्या होत्या.

आमच्या सौभाग्यवतींनी पाठीमागून डोकावून विचारले, "कुठली जत्रा गं?"

"जत्राच मामी, पण देव नाही. नुसतं वाजवणं ऐकायला आलेत सगळे."

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. ताळेबंद जुळवायला सांगितले तर जुळवू, मोर्चाला माणसे जमवायला सांगितली तर जमवू. पण सिंफनी म्हणजे काय असे कुणी विचारले तर आमची पंचाईत होईल. तरीही ते दृश्य डोळ्यांपुढून हलेना. आपल्या वस्त्यांतही उन्हाळा म्हणजे कार्यक्रमांचा हंगाम. जयंतीचा मंडप पडला की गाण्यांचे सामने, मुलांची नाटुकली, चित्रकला स्पर्धा महिनाभर चालतात. तिथेही उन्हाळ्यातच हे सारे होते, म्हणजे आहे तरी काय प्रकार, हे शोधावे असे वाटले. भाचीला दर रविवारी प्रश्न विचारून भंडावले, ऑफिस सुटल्यावर ग्रंथालयात बसलो. जे हाती लागले ते सांगतो.

त्या मुलखाचे नाव बर्कशायर. मॅसॅच्युसेट्सच्या अगदी पश्चिम टोकाचा हा डोंगराळ जिल्हा. बोस्टन आणि न्यूयॉर्क ही दोन्ही शहरे मोटारीने साधारण तीन तासांच्या अंतरावर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या शहरांतले गडगंज लोक उकाड्यातून पळून इथे येत. त्यांनी इथे राजवाड्यांसारखी घरे बांधली आणि त्यांना ते म्हणत 'कॉटेज', म्हणजे झोपडी! पन्नास-पन्नास खोल्यांच्या घराला झोपडी म्हणणाऱ्या माणसांनी खरी झोपडी पाहिली असेल का, कोण जाणे. पुढे कर आला, मंदी आली, वाडे रिकामे पडले. कुठे शाळा झाली, कुठे हॉटेल. आणि काही जागा कलेच्या वाट्याला आल्या.

भाची बसली होती ती जागा टँगलवुड. तिची गोष्ट मोठी मजेची आहे. १९३४ साली स्टॉकब्रिजजवळच्या एका शेतावर, घोडे फिरवण्याच्या रिंगणात, न्यूयॉर्कच्या वादकांना बोलावून उन्हाळी मैफली झाल्या. पुढाकार गरट्रूड रॉबिन्सन स्मिथ नावाच्या बाईंचा. १९३६ मध्ये बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा हा नामांकित वाद्यवृंद आला. त्याचे संचालक होते रशियात जन्मलेले सर्गेई कुसेवित्स्की. पुढच्या वर्षी एका घराण्याने आपली टँगलवुडची दोनशे एकरांहून मोठी इस्टेट या कामासाठी देऊन टाकली. मैफल तंबूतच व्हायची. १९३७ च्या ऑगस्टात एका रात्री वादन चालू असताना असे वादळ आले की गडगडाटापुढे वाद्ये ऐकू येईनात, तंबू गळू लागला, वादन थांबवावे लागले. स्मिथबाई तडक स्टेजवर चढल्या आणि भिजलेल्या श्रोत्यांपुढे पक्क्या छपरासाठी मदतीचे आवाहन केले. मंडपात पाणी शिरले की आपले कार्यकर्तेही पावतीपुस्तक घेऊन असेच उठतात, म्हणून आम्हाला ही बाई एकदम ओळखीची वाटली.

वास्तुशिल्पी बोलावला तो एलिएल सारिनेन, फिनलंडचा मोठा माणूस. त्याचा आराखडा दोनदा कापूनही खर्च आवाक्यात येईना. शेवटी त्याने कळवले की एवढ्याच पैशात बसवायचे असेल तर तुम्हाला मिळेल ती एक साधी शेड, आणि तिला वास्तुशिल्पी लागत नाही. मंडळींनी ते अक्षरशः खरे केले! स्टॉकब्रिजचेच इंजिनिअर जोसेफ फ्रान्झ यांनी आराखडा साधा केला आणि १९३८ च्या ऑगस्टात शेड उभी राहिली. पंख्याच्या आकाराची, बाजूंनी उघडी, सुमारे पाच हजार खुर्च्यांची. जगातले थोर वादक इथे वाजवून गेले, पण नाव अजून 'शेड'च आहे. १९८८ मध्ये कुसेवित्स्कींचे नाव पुढे जोडले, एवढेच.

शेडच्या बाजू उघड्या असल्याने बाहेर हिरवळीवर बसून ऐकता येते. आतल्या पुढच्या खुर्चीपेक्षा हिरवळीचे तिकीट बरेच स्वस्त. शास्त्रीय मैफलींना सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना हिरवळीवर मोफत बसवण्याची पद्धत आहे. म्हणून तिथे पोरेबाळे दिसतात. आम्ही भाचीला विचारले, "आत खुर्चीवर बसणारे आणि बाहेर गवतावर बसणारे, म्हणजे दोन पंगतीच की." ती म्हणाली, "आहेत मामा. पण बाहेरच्या पंगतीला कुणी कमी समजत नाही. पैसेवालेसुद्धा मुद्दाम बाहेर बसतात." मग थोडे थांबून म्हणाली, "आपल्यासारखी सावळी-काळी माणसं मात्र मला बोटांवर मोजण्याइतकीच दिसली." हे दुसरे वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवले.

टँगलवुडला १९४० साली तरुण वादकांसाठी उन्हाळी शाळा सुरू झाली. पहिल्याच वर्गात लेनर्ड बर्नस्टाइन हा विद्यार्थी होता. पुढे तो जगप्रसिद्ध संचालक झाला. आयुष्यातली शेवटची मैफल त्याने इथेच, १९ ऑगस्ट १९९० रोजी, दमेकऱ्याच्या धापा टाकत पुरी केली आणि दोनच महिन्यांत गेला. ज्या अंगणात शिकला त्याच अंगणात शेवटचे वाजवले. असे भाग्य आमच्या माहितीत फार थोड्या शाहिरांना लाभले आहे.

संगीतासारखेच नृत्य. टँगलवुडपासून थोड्या अंतरावर बेकेट गावी जेकब्ज पिलो म्हणून जागा आहे. १९३१ साली टेड शॉन या नर्तकाने तिथले जुने शेत विकत घेतले. पुरुषाने नाचणे म्हणजे बायकी धंदा, अशी तिकडेही समजूत होती. शॉनने नुसत्या पुरुषांची नृत्यमंडळी काढली. ती पोरे सकाळी लाकडे फोडायची, भिंती रचायची, शेतात राबायची आणि दुपारी चहाला आलेल्या पाहुण्यांपुढे नाचायची. १९४२ साली खास नृत्यासाठी नाट्यगृह बांधले, तेही शेडवाल्या फ्रान्झ यांच्याच हातून. या शेताची जुनी ओळख निराळीच आहे. दक्षिणेतून जीव मुठीत धरून पळणाऱ्या गुलामांना रातोरात उत्तरेकडे पोहोचवणारी जी छुपी साखळी होती, तिचा एक मुक्काम हे शेत होते. आज तिथे बाहेर डोंगराकडे तोंड करून एक उघडा रंगमंच आहे, त्यावरही नाच होतात. २०२० च्या नोव्हेंबरात इथले दुसरे नाट्यगृह आगीत खाक झाले होते, ते नव्याने बांधून २०२५ च्या जुलैत उघडले.

१९६२ साली बालासरस्वती या पिलोवर नाचल्या होत्या. त्या देवदासी परंपरेच्या घराण्यातल्या. ज्या बायकांच्या कलेला आपल्या देशातल्या प्रतिष्ठितांनी आधी नावे ठेवली आणि मग तीच कला धुऊनपुसून आपल्या दिवाणखान्यात नेली, त्यांतल्या एका बाईला या डोंगरातल्या लोकांनी मान देऊन पाहिले. देवदासी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

नाटकाचे थोडक्यात सांगतो. पूर्वी न्यूयॉर्कची नाट्यगृहे उन्हाळ्यात उकाड्याने बंद पडत, नट रिकामे होत, मग ते डोंगरात येऊन प्रयोग करीत. स्टॉकब्रिजला १९२८ पासून, विल्यमस्टाउनला १९५५ पासून उन्हाळी नाटके होतात. मोठमोठे सिनेनट इथे येतात. पण पडद्यामागे काय चालते? २०२१ साली विल्यमस्टाउनच्या शिकाऊ मुलामुलींची तक्रार वर्तमानपत्रांत आली की शिकवण्याच्या नावाखाली आम्हाला विनावेतन दिवसरात्र राबवले जाते. त्याच उन्हाळ्यात पावसात उघड्यावर काम करायला लावल्यामुळे ध्वनिव्यवस्थेच्या कामगारांनी काम टाकले. संस्थेला आपली पद्धत बदलावी लागली. नाट्यकला थोर खरी, पण सतरंज्या उचलणाऱ्याच्या पोटालाही भाकरी लागते.

आता चित्रांकडे येतो, कारण आमच्या घरात खरी ठिणगी पडली ती तिथे.

विल्यमस्टाउनला क्लार्क नावाचे पांढऱ्या संगमरवरी दगडाचे कलादालन आहे, १९५५ साली उघडलेले. फ्रान्सच्या रेन्वार या चित्रकाराची तीसहून अधिक चित्रे तिथे आहेत. ही सारी चित्रे घ्यायला स्टर्लिंग क्लार्क यांच्याकडे पैसा आला कुठून? तर शिवणयंत्रातून. त्यांचे आजोबा सिंगर मशीनच्या कंपनीत भागीदार. हे ऐकल्यावर आमच्या सौभाग्यवती हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून वळल्या. त्यांच्या आईने सिंगरवर लोकांची पोलकी शिवून चार मुले वाढवली. मशीन अजून आमच्या घरी आहे, सोनेरी अक्षरे पुसट झाली आहेत. "म्हणजे त्या चित्रांत माझ्या आईच्या पायाचाही वाटा आहे म्हणा की," त्या म्हणाल्या. हिशेब काटेकोर नसेल, पण बी.कॉम. असूनही आम्हाला तो खोडता आला नाही.

दुसरे दालन स्टॉकब्रिजला, नॉर्मन रॉकवेल यांचे. हे मासिकांची मुखपृष्ठे काढणारे चित्रकार. १९५३ पासून १९७८ साली मरेपर्यंत याच गावात राहिले. शेजारीपाजारी, न्हावी, डॉक्टर, शाळकरी पोरे यांना समोर उभे करून त्यांची हसरी चित्रे काढायची, हे त्यांचे काम. ज्या साप्ताहिकासाठी ते वर्षानुवर्षे काढत, तिथे काळ्या माणसाला फक्त नोकराच्या वेषात दाखवायचे असा दंडक होता. रॉकवेल यांनी तो मुकाट्याने पाळला. १९६३ मध्ये त्यांनी ते साप्ताहिक सोडले आणि १९६४ च्या जानेवारीत दुसऱ्या नियतकालिकात त्यांचे एक चित्र छापून आले. त्याच्या नावाचा अर्थ, 'आपण सारे ज्या प्रश्नासह जगतो तो प्रश्न'.

भाचीने त्याचा फोटो पाठवला. सहा वर्षांची काळी पोर. पांढरा शुभ्र झगा, पांढरे मोजे, केसांत पांढरी फीत, हातात पट्टी आणि वह्या. पुढे दोन, मागे दोन सरकारी अधिकारी. भिंतीवर शिवी लिहिलेली. कुणीतरी भिरकावलेला टोमॅटो फुटून लाल ओघळ आलेला. ही रुबी ब्रिजेस. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात गोऱ्यांच्या शाळेत पहिले पाऊल टाकणारी पोर. तिच्यामुळे गोऱ्या आईबापांनी आपली मुले शाळेतून काढून नेली होती. चित्रासाठी रॉकवेल यांनी उभी केली ती मात्र स्टॉकब्रिजमधलीच एक काळी मुलगी. २०११ साली हे चित्र काही महिने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासात लावले होते. तेव्हा प्रौढ झालेल्या रुबी ब्रिजेस राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या शेजारी उभ्या राहून ते पाहून आल्या.

आम्ही ते चित्र पाहिले आणि पटकन म्हणालो, "फोटो अर्धवट आलाय. त्या चौघांची डोकीच कापली गेलीत."

आमची धाकटी मुलगी अकरावी कॉमर्सला. कॉमर्स तिने घेतले नाही, आम्ही घ्यायला लावले. तिला शाळेपासून चित्रकलेचे वेड. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत 'अ' श्रेणी मिळाली तेव्हा आम्ही पेढे वाटले, पण 'जे. जे.ला जायचंय' म्हणाली तेव्हा तोंड फिरवले. चित्रावर पोट कुणाचे भरते? बँकेच्या परीक्षा दे, पेन्शन नसली तरी पगार तरी लागेल, हे आमचे म्हणणे. घरात वर्षभर यावरून बोलणे कमी झाले होते. तर ती पोरगी आमच्या हातातून फोन घेऊन म्हणाली, "कापलेली नाहीत पप्पा. मुद्दाम काढलेली नाहीत. चित्र तिच्या उंचीवरून आहे. तुम्ही मोठ्या माणसाच्या उंचीवरून बघताय."

आम्ही गप्प बसलो. चळवळीत वीस वर्षे घालवली, भाषणे ठोकली, शाळेच्या दाराबाहेर गोणपाटावर बसलेल्या बाबासाहेबांविषयी शंभर वेळा बोललो असू. त्या मुलाच्या उंचीवरून दार कसे दिसत असेल, हा विचार कधी मनात आला नव्हता.

आता या डोंगराचे दुसरे अंग. नॉर्थ ॲडम्स हे गाव कॉटेजवाल्यांचे नव्हे, गिरणीवाल्यांचे. १८६० च्या दशकापासून तिथे अर्नॉल्ड प्रिंट वर्क्स ही कापड छपाईची मोठी गिरणी होती. १९४२ साली ती जागा स्प्रेग इलेक्ट्रिक या कंपनीने घेतली. विजेच्या उपकरणांचे सुटे भाग तयार व्हायचे. गाव अठरा हजारांचे आणि कारखान्यात माणसे चार हजारांवर, म्हणजे घरटी एक कामगार धरा. कारखान्याचे स्वतःचे रेडिओ केंद्र होते, पाळणाघर होते. १९८५ साली तो बंद झाला. दुकाने ओस पडली, माणसे गाव सोडून गेली.

हे वाचताना आम्हाला आमचे वडील आठवले. ते गिरणीत रिंग खात्यात होते. साच्यावर पगार जास्त, पण कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो विटाळेल म्हणून आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत, हे बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी चव्हाट्यावर मांडले होते. त्याची सावली पुढच्या पिढ्यांवर राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांबरोबर आमचे घरही रस्त्यावर आले. आम्ही तेव्हा पाळण्यात होतो. गिरणीच्या चिमणीच्या जागी पुढे काय उभे राहिले, ते परळ-लालबागच्या वाचकांना रोज दिसते. इंदू मिलच्या जागेसाठी किती झगडावे लागले, तेही आपण जाणतो.

नॉर्थ ॲडम्समध्ये निराळे घडले. १९८६ साली शेजारच्या विल्यमस्टाउनच्या कॉलेजातले कलासंग्रहालयाचे लोक भव्य चित्रे-शिल्पे मांडायला मोठी जागा शोधत होते. गावच्या महापौरांनी त्यांना बंद कारखाना दाखवला. विटांच्या दोन डझन इमारती, एकीतून दुसरीत जाणारे पूल, मधून वाहणारी नदी. पैसा उभा करता करता तेरा वर्षे गेली आणि ३० मे १९९९ रोजी 'मास मोका' हे संग्रहालय उघडले. कारखान्याची ओबडधोबड विटांची भिंत, फरशीवरच्या यंत्रांच्या खुणा त्यांनी झाकल्या नाहीत. आवारात उन्हाळ्यात गाण्याचे जलसे होतात, पोरे कारंज्यात खेळावीत तशी रंगांत खेळतात.

तिथल्या एका इमारतीचे तीन मजले सोल लेविट या चित्रकाराच्या भिंतीचित्रांनी भरले आहेत. २००८ पासून १०५ चित्रे. लेविट स्वतः सहसा ब्रश हातात घेत नसे. तो कागदावर सूचना लिहून देई: अमुक रंगाच्या इतक्या रेषा, अमुक कोपऱ्यातून तमुक बिंदूपर्यंत. भिंतीवर काढणारे दुसरेच. इथे सुमारे पासष्ट तरुण चित्रकार आणि विद्यार्थ्यांनी सहा महिने खपून भिंती रंगवल्या. आम्हाला आधी वाटले, ही तर साहेबाने टिपण लिहायचे आणि कारकुनाने फाइल चालवायची, अशी गत झाली. पण लेविटच्या कामात एक गोष्ट आहे. चित्र पहिल्यांदा ज्यांनी भिंतीवर उतरवले त्यांची नावेही नोंदली जातात. आमच्या ऑफिसात अजून तरी असे होत नाही.

मास मोकाने गाव तारले का? पूर्ण नाही. लोकसंख्या घटून तेरा हजारांच्या आसपास आली आहे. चार हजार नोकऱ्यांची भरपाई संग्रहालय करू शकत नाही. शिवाय तिथे काम करणाऱ्यांनाही कमी पगाराचे चटके बसलेच. २०२१ मध्ये त्यांनी युनियन केली, २०२२ मध्ये एक दिवसाचा आणि २०२४ च्या मार्चमध्ये सुमारे तीन आठवड्यांचा संप केला. ज्या फाटकावर १९७० साली स्प्रेगचे कामगार संपाला उभे होते, तिथेच आता चित्रे टांगणारे, तिकिटे देणारे फलक घेऊन उभे. आमच्या मते ही काही शरमेची गोष्ट नाही. कामगार जिथे संप करू शकतो ती जागा अजून जिवंत आहे, असे आम्ही समजतो.

भाचीच्या त्या बोटांवर मोजण्याच्या वाक्याकडे परत येतो. हा डोंगर गोऱ्यांचा, असे वरवर दिसते. खोदून पाहिले तर निराळे सापडते. हार्लेममधल्या काळ्या कुटुंबांचे जन्म, लग्ने, मिरवणुका ज्यांनी कॅमेऱ्यात टिपल्या ते जेम्स व्हॅन डर झी १८८६ साली टँगलवुडच्याच लेनॉक्स गावी जन्मले. टँगलवुडच्या कुंपणाजवळच, म्युझिक इन नावाच्या ठिकाणी, १९५७ ते १९६० अशी चार वर्षे जाझ संगीताची शाळा भरत होती. काळे आणि गोरे वादक एकत्र शिकवीत, एकत्र जेवीत. शेडमध्ये बीथोवेन आणि पलीकडे झाडीत डिझी गिलेस्पी! शेफील्डला एलिझाबेथ फ्रीमन या स्त्रीचा पुतळा २०२२ साली बसवला. या गुलाम बाईने १७८१ मध्ये कोर्टात दावा लावला की राज्याच्या घटनेत सारे जन्मतः स्वतंत्र आणि समान असे लिहिले आहे, तर मी गुलाम कशी? आणि ती जिंकली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, घटना तिने कानांनी ऐकली होती.

ग्रेट बॅरिंग्टन हे डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचे जन्मगाव. जन्म १८६८. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय, अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीचे आद्य विचारवंत. आमच्या वाचकांचा त्यांच्याशी जवळचा संबंध आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले. आपण निग्रोंच्या प्रश्नाचा अभ्यास केला आहे, त्यांची आणि अस्पृश्यांची स्थिती फार मिळतीजुळती आहे, असे कळवून काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या. डू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर दिले. भारतातल्या अस्पृश्यांविषयी आपल्याला आस्था आहे, हेही त्यात होते. ही पत्रे याच राज्यातल्या ॲमहर्स्टच्या विद्यापीठात, डू बॉइस यांचेच नाव असलेल्या ग्रंथालयात जपून ठेवली आहेत.

पण जन्मगावाने काय केले? १९६९ साली त्यांच्या घराच्या जागी स्मारक करायचे ठरले तेव्हा गावातल्या अनेकांनी ते कम्युनिस्ट होते म्हणून कडाडून विरोध केला. जगभरचे संगीत ऐकायला पंचवीस मैलांवरून माणसे जमत होती आणि आपल्याच गल्लीतला माणूस नकोसा! गावच्या ग्रंथालयासमोर त्यांचा पुतळा बसला तो २०२५ च्या जुलैत, मृत्यूनंतर बासष्ट वर्षांनी. बाकावर बसलेले, हातात पुस्तक. शेजारी कुणीही येऊन बसावे अशी जागा सोडलेली आहे.

भाची पुढच्याच महिन्यात तिथे जाऊन आली. बाकावर त्यांच्या शेजारी बसून फोटो काढला आणि आम्हाला पाठवला. सोबत लिहिले होते, "मामा, बाबासाहेबांच्या पत्राबद्दल मी तिथल्या एका बाईंना सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं."

आमच्या धाकटीने त्या शाळकरी पोरीचे चित्र छापून आणून कपाटाच्या दारावर आतून चिकटवले आहे. रोज ऑफिसचा शर्ट काढताना आम्हाला ते दिसते, आणि खाली वाकल्याशिवाय नीट दिसत नाही, कारण तिने ते मुद्दाम कमरेच्या उंचीवर लावले आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या भागात चित्रकलेचा वर्ग भरतो, पुढच्या प्रवेश परीक्षेची तयारीही तिथे करून घेतात. त्याचा फॉर्म आठवडाभर टेबलावर पडून होता. पालकाची सही हवी होती. परवा जेवण झाल्यावर आम्ही खिशातले पेन काढले. सौभाग्यवती मशीनवरून उठल्याच नाहीत, तिथूनच म्हणाल्या, "आधी चष्मा लावा. मागच्या वेळी विद्यार्थ्याच्या जागी सही केली होती."